आज वचन कुठलं निघालं?

वचनमावशींचं खरं नाव चर्चच्या नोंदवहीत होतं आणि तिथेच ते सुखाने पडून होतं. बाहेर त्या नावाने कोणी हाक मारली असती, तर मावशींनी मागे वळून आणखी कोण बाई आलीय ते पाहिलं असतं. वचनमावशी हे नाव पोरांनी ठेवलं, मोठ्यांनी उचललं, आणि एकदा खुद्द पाळकसाहेबच भर उपासनेत "आता वचनमावशी प्रार्थना करतील" असं म्हणून गेले, तेव्हा त्यावर शिक्कामोर्तब झालं.

मावशी मोठ्या इस्पितळाच्या चादरींच्या खोलीत शिवणाचं काम करत. तळमजल्यावर धुलाईच्या यंत्रांना लागून एक लांबट खोली, भिंतीला कपाटं, मधोमध टेबल, टेबलावर फाटक्या चादरींचा डोंगर आणि डोंगरामागे मावशी. अशी एकतीस वर्षं. चादर हातात घेतली की ती कुठल्या वॉर्डातून आली ते त्या सांगत. "ही हाडांच्या वॉर्डाची. एक पाय टांगलेला माणूस दुसऱ्या टाचेने रेटा देतो, म्हणून इथे विरलीय. ही बाळंतिणींची. आणि ही डॉक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीतली. बघा, कशी नवी कोरी! त्या बिचाऱ्यांना विश्रांती मिळेल तेव्हा ना फाटेल."

मावशींचं दुसरं आणि त्यांच्या मते मुख्य काम म्हणजे डबा. बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा आणि त्यात बारीक सुरळ्या केलेल्या तीनशेच्या वर चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर शास्त्रातलं एक वचन, अध्याय आणि ओवीच्या आकड्यासकट, मावशींच्या मुंगीएवढ्या अक्षरात. सकाळी चहा झाला की मावशी हात धुवायच्या, डोळे मिटायच्या, चिठ्ठ्या ढवळायच्या आणि एक उचलायच्या. ते त्या दिवसाचं वचन. त्या दिवशी जे काही घडे, ते त्या वचनात आधीच सांगितलेलं होतं हे मावशी संध्याकाळपर्यंत सिद्ध करून दाखवत. बस चुकली तरी आणि मिळाली तरी.

डब्यात सगळी वचनं आशीर्वादाची होती, हेही सांगायला हवं. शास्त्रात रागावणारी वचनं भरपूर आहेत. पण सकाळी सकाळी रागावून घ्यायला मावशींना इस्पितळातली मेट्रन पुरेशी होती.

आणि जुगार? जुगाराचं नाव काढलं की मावशींच्या कानशिलाची शीर उडायला लागे. चर्चचं छप्पर गळत होतं तेव्हा तरुण मंडळाने हौसेने लकी ड्रॉ काढायचं ठरवलं. पहिलं बक्षीस विजेची इस्त्री. मावशी बाकावरून उठल्या.

"प्रभू क्रूसावर होता आणि खाली चार शिपाई त्याच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकत बसले होते. हातभर वर देवाचा पुत्र मरत होता, आणि त्यांनी मान वर केली नाही. का? तर लक्ष डावाकडे! त्या रांगेत कोणाला बसायचंय त्याने खुशाल इस्त्री घेऊन जावी."

इस्त्री दुकानात परत गेली. छप्पर आणखी दोन वर्षं गळलं. नेमकं मावशींच्याच बाकावर गळे, आणि मावशी ते पाणी मोठ्या अभिमानाने खांद्यावर झेलत.

अशा या मावशींचा नवरा लिफ्टमन होता. नऊ मजली कचेरीची लिफ्ट, तिच्यात घडीचं स्टूल, स्टुलावर हा गृहस्थ. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलेले आकडे दाबले. माणूस शांत, सडपातळ, आपल्यामुळे कोणाला जागा कमी पडू नये अशा बेताने उभा राहणारा. दारू नाही, आरडाओरडा नाही. पण देवाच्या बाबतीत मात्र ढिम्म. रविवारी मावशींना चर्चच्या फाटकापर्यंत सोडायचा आणि स्वतः बाहेरच्या कठड्यावर वर्तमानपत्र घेऊन बसायचा. आतून गाण्याचा आवाज आला की पान उलटायचा. मावशी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करत होत्या. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, एकोणीस वर्षं.

आणि मग एका सकाळी, तोंडाला साबणाचा फेस, हातात वस्तरा, अशा अवस्थेत तो मोरीच्या दारातून डोकावून म्हणाला, "अगं, आज वचन कुठलं निघालं?"

मावशींच्या हातून डबा पडायचाच बाकी राहिला. त्यांनी वचन वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मावशी घरी असल्या की हा प्रश्न बारा वर्षांत एकदाही चुकला नाही. तापात विचारला, भांडण झालं असताना विचारला, दाढ काढून तोंडात कापूस कोंबलेला असताना खुणेने विचारला.

त्याची एकेक तऱ्हा मावशींनी मनात जपून ठेवली होती. एकदा मावशींना आलेलं वचन तितकंसं भावलं नाही, म्हणून त्या दुसरी चिठ्ठी उचलायला गेल्या, तर त्याने त्यांचं मनगटच धरलं. "पहिलं तेच खरं. देवाला दोनदा विचारायचं नसतं." मावशी दिवसभर शिवणयंत्रावर रडत होत्या. काय ही श्रद्धा! त्याला ओवीचा आकडा नीट लागे. मावशी अर्थ समजावू लागल्या की तो बुटाची नाडी बांधता बांधता म्हणे, "ओवी त्रेपन्न ना? त्रेपन्न. बरं." आणि पेनाने तळहातावर लिहून घेई.

"वचन तळहातावर लिहून नेतात!" मावशींनी चर्चमध्ये साक्ष देताना सांगितलं, तेव्हा सगळ्या मंडळीतून एक सुस्कारा गेला. कित्येक बायकांनी आपापल्या नवऱ्याच्या तळहाताकडे पाहिलं.

मग तो चर्चमध्ये का येत नव्हता? ते मावशींनी देवावर सोपवलं होतं. जो माणूस रोज वचन मागतो, तो कधीतरी चार पायऱ्याही चढेल.

तो चढला नाही. फुप्फुसात पाणी झालं आणि त्याला मावशींच्याच इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर ठेवलं. मावशींनी चादर पाहून घेतली, विरलेली निघाली म्हणून खाली जाऊन चांगली आणली आणि स्वतः घातली. सोळा दिवस त्या कामावर जाण्याआधी डबा घेऊन त्याच्या खाटेशी जात होत्या. सतराव्या सकाळी त्याला धड श्वास घेता येत नव्हता. नाकाला नळी. तरीही मावशी दिसल्यावर त्याने ओठ हलवले.

"आज... वचन... कुठलं?"

मावशींनी चिठ्ठी काढली. अध्याय चौदा, ओवी सत्तावीस. आपली शांती तुमच्यापाशी ठेवून जातो असं प्रभू शिष्यांना सांगतो, ते वचन. मावशींनी ते दोनदा वाचलं. त्याने "सत्तावीस" एवढंच म्हटलं, आणि तळहात वर करून पेन मागितल्यासारखी बोटं हलवली. पेन द्यायच्या आधी बोटं थांबली.

दफनाच्या वेळी मावशींनी रडत रडत ही हकिगत सांगितली. पाळकसाहेबांनी त्यावर असा उपदेश केला की कबर खोदणारेही फावड्यावर हनुवटी टेकून ऐकत राहिले. मरणाच्या दारातही ज्याने देवाचं वचन मागितलं, असा माणूस! तो उपदेश त्यांनी पुढे शेजारच्या दोन चर्चच्या मंडळ्यांत जाऊनही केला. थडग्याच्या दगडावर तेच शब्द कोरायचं ठरलं. नाव, दोन तारखा आणि खाली त्याचा शेवटचा प्रश्न : आज वचन कुठलं?

दफनाला तीन आठवडे झाल्यावर, शनिवारी दुपारी, एक जाडजूड गृहस्थ मावशींचे दोन जिने चढून आला. हातात फळांची पिशवी, कपाळावर घाम. दारातच म्हणाला, "वहिनी, मी खालचा. म्हणजे त्यांच्या कचेरीच्या इमारतीखाली माझी खिडकी आहे ना, ती."

मावशींना वाटलं, चहाची असेल. त्यांनी खुर्ची दिली.

"फार सज्जन माणूस," गृहस्थ खुर्चीच्या अगदी टोकावर बसून म्हणाला. "रोज सव्वानऊला यायचे. बारा वर्षं. आले की आजचं वचन सांगायचे."

"तुम्हालाही सांगायचे?"

"म्हणजे काय! मलाच तर सांगायचे."

मावशींचा ऊर भरून आला. चर्चची पायरी न चढणारा आपला माणूस रोज सकाळी रस्त्यावर उभा राहून परक्याला वचन सांगत होता! आणि आपल्याला एका शब्दाने बोलला नाही! त्या लगबगीने चहा टाकायला गेल्या. आतूनच म्हणाल्या, "मग तुम्ही आमच्याकडे उपासनेला या ना एखाद्या रविवारी."

"येईन की. इस्पितळातूनही रोज फोन करायचे, वहिनी. त्या दिवशी तेवढा आला नाही. मी दोन वाजेपर्यंत यादी बंद केली नव्हती. जिवाला चुटपूट लागून राहिली हो. त्या दिवशी कुठलं निघालं होतं?"

मावशी कपबशी घेऊन बाहेर आल्या, डोळे मिटले आणि सगळं वचन म्हणून दाखवलं. शांतीचं.

"हो, हो. छान. पण ओवी?"

"सत्तावीस."

त्याने खिशातून छोटी वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मग मान वर केली. चेहऱ्यावर खरीखुरी माया होती.

"बरं झालं, वहिनी. मनाला लावून घेऊ नका. लागला नसता. त्या दिवशी चौसष्ट आला."

मावशींना काही कळलं नाही. "काय लागला नसता?"

गृहस्थाने त्यांच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मग ती वही हळूच खिशात सरकवायला लागला, पण ती खिशात जाईना.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं? ते म्हणायचे, आकडा बायको काढून देते. मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलेलं आहे."

एवढा मोठा देह, पण जिना उतरताना त्याच्या पावलांचा आवाजही आला नाही. चहा तसाच राहिला.

मावशी खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. कोपऱ्यात टेबलफॅन होता. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी नवरा तो घेऊन आला होता. "साहेबांनी दिला." मावशींनी त्या फॅनबद्दल चर्चमध्ये देवाचे जाहीर आभार मानले होते. आता त्यांनी त्याची पिन काढली, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि मग आपण हे काय केलं म्हणून त्याच्यासमोर खाली बसून राहिल्या. पहिलं तेच खरं. देवाला दोनदा विचारायचं नसतं. त्रेपन्न ना? बरं. एकेक गोष्ट डोळ्यांपुढे उलटी होत गेली. हातातली चादर उलटी केली की खालची ठिगळं दिसावीत, तसं.

पण त्यातलं एकच ठिगळ मावशींना सहन होत नव्हतं. पैसा गेला असेल तर जावो. फसवणूकही एक वेळ पोटात घालता येईल. पण तो गेला कुठे? बारा वर्षं त्या निर्धास्त झोपल्या होत्या, आपला माणूस तारला गेलाय म्हणून. एकोणीस वर्षांची प्रार्थना ऐकली गेलीय म्हणून त्यांनी ती थांबवली होती. थांबवली होती! शेवटच्या सोळा दिवसांत त्या त्याच्याशी देवाबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. गरजच काय, असं त्यांना वाटलं होतं. खाटेशी बसून त्या मोसंबी सोलत राहिल्या होत्या.

सोमवारी कामावरून सुटल्यावर त्या थेट पाळकसाहेबांकडे गेल्या. पाळकसाहेबांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून पुसला. तो पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

"मला एवढंच सांगा," मावशी म्हणाल्या. "जुगार पाप आहे ना?"

"मावशी, तुम्हीच आम्हाला शिकवलंत की ते."

"मी शिकवलं ते राहू द्या. शास्त्रात कुठे लिहिलंय? जुगार खेळू नको, असं? मी काल रात्रंदिवस शोधलं. मला सापडलं नाही."

पाळकसाहेब प्रामाणिक होते. "तसं सरळ शब्दांत नाही. चिठ्ठ्या तर प्रेषितांनीही टाकल्या, यहूदाची रिकामी जागा भरायला. चिठ्ठीत पाप नाही. पाप आहे ते लोभात. शेजाऱ्याचं गेलं की माझं आलं, अशी आस धरून बसण्यात. शेजाऱ्यावर प्रीती करायची आणि त्याच वेळी तो हरावा म्हणून वाट बघायची, हे एका मनात मावत नाही. शिवाय कष्ट नकोत, फळ हवं. आणि देवाला..." ते अडखळले.

"बोला."

"देवाला आपल्या कामाला जुंपायचं. त्याच्या तोंडून आकडा काढून घ्यायचा."

मावशी म्हणाल्या, "मीही तेच करत होते की. रोज सकाळी डब्यात हात घालायचे आणि जे येईल ते माझ्यापुरतं देवाचं बोलणं म्हणून खिशात टाकायचे. डबाही माझाच भरलेला. एकसुद्धा कडू वचन मी त्यात घातलं नव्हतं. हरणारी चिठ्ठीच नाही. असला जुगार तर तो खिडकीवालाही करत नाही."

"तसं नाही हो, मावशी. तुमचा भाव..."

"माझा भाव जाऊ द्या. ह्यांचं काय? हे पापी होते का?"

"आपण सगळेच पापी."

"ते मला माहीत आहे. लहान मुलांना मी दर रविवारी तेच शिकवते. मी ह्यांचं विचारतेय."

पाळकसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. न्याय करणारा तो, आपण नव्हे, असं काहीतरी ते हळू आवाजात म्हणाले. मग म्हणाले, "दगडावरचे शब्द मात्र तसेच राहू द्या. साक्षही राहू द्या. त्या साक्षीने माणसं बदललीत. शेजारच्या मंडळीत दोघं जण वचन वाचायला लागले. त्यांना कशाला दुखवायचं?"

उपदेश तीनदा झाला होता आणि तिन्ही वेळा उत्तम रंगला होता, हेही खरंच. पाळकसाहेब माणूसच होते.

"जुगाराबद्दल शास्त्रात लिहिलंय की नाही यावर तुम्ही शिकलेली माणसं वाद घाला," मावशी उठत म्हणाल्या. "खोटी साक्ष देऊ नको, हे तर सरळ लिहिलंय ना? आणि तेही दगडावरच लिहून दिलं होतं."

तरी एक धागा मावशींच्या हातातून सुटत नव्हता. बारा वर्षं वचनं त्याच्या कानावरून गेली होती. चार हजार वेळा. त्यातलं एखादं तरी आत गेलं असेल की नाही? हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या नऊ मजली इमारतीखाली गेल्या. खिडकीसमोर रांग होती आणि मावशी शिस्तीच्या, म्हणून त्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे एक पहारेकरी, एक कारकून, औषधांची चिठ्ठी मुठीत धरलेली एक म्हातारी, आणखी पाचसहा जण. खिडकीशी पोचलेला प्रत्येक जण आकडा सांगण्याआधी क्षणभर डोळे मिटत होता. उपासनेतही इतके घट्ट डोळे कोणी मिटत नाही.

"कुठला?" आतून मान वर न करता प्रश्न आला.

"मला आकडा नको. एक विचारायचंय."

खिडकीवाला धडपडत बाहेर आला. त्याने स्वतःचं स्टूल रस्त्यावर आणून ठेवलं. मावशी बसल्या नाहीत.

"वचनात काय लिहिलंय ते ह्यांनी तुम्हाला कधी सांगितलं? आकडा सोडून, वचन?"

"सांगायचे की, वहिनी. पुष्कळदा."

"माझ्यासाठी खोटं बोलू नका."

त्याने मान खाली घातली. "नाही सांगितलं. मीच एकदा विचारलं होतं, त्यात असतं तरी काय म्हणून. तर म्हणाले, ते तिचं काम. माझं काम नंबरचं."

मावशींनी स्टुलाची कड धरली.

"पण एक सांगतो," तो घाईघाईने म्हणाला. "हे खोटं नाही. तुम्ही परगावी मुलीच्या बाळंतपणाला गेला होता ना, पाच आठवडे? ते रोज सव्वानऊला यायचे, इथे उभे राहायचे आणि काही न लावता वर लिफ्टमध्ये जायचे. मी म्हटलं, अहो, डबा घरीच आहे ना, घाला की हात. तर म्हणाले, माझ्या हाताला काय यायचंय? जे काही आहे ते तिच्या हातात आहे. देवाचं मला नाही सांगता येणार, वहिनी. पण तुमच्या हातावर त्यांचा फार विश्वास होता."

त्याला वाटलं, आपण मलम लावतोय. मावशींनी आपले दोन्ही हात पाहिले. सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं, उजव्या अंगठ्याला कायमची पडलेली खाच. तो डबा त्यांनी मुद्दाम नवऱ्यासाठी घरी ठेवला होता. परत आल्यावर त्याने सांगितलं होतं, "तू नव्हतीस, मग नाही काढलं." त्यावर त्या थोड्या रुसल्याही होत्या.

"माझ्यावर ठेवून काय उपयोग होता?" त्या म्हणाल्या. "मी काय कोणाला तारणार आहे?"

आणि भर रस्त्यात, रांगेतल्या सगळ्यांसमोर, वचनमावशी रडल्या. म्हातारीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "गेला का नंबर?" तिने विचारलं. "होतं असं, बाई. उद्या लागेल."

रविवारी मावशी साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. पाळकसाहेबांना काय होणार ते कळलं आणि त्यांनी समोरचं पुस्तक मिटून घेतलं. मावशींनी सगळं सांगितलं. खिडकी, ओवी, सत्तावीस, चौसष्ट. आवाज न चढवता, वॉर्डाचं नाव सांगावं तसं.

"मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला ठाऊक नव्हतं, तरी खोटं ते खोटं. मी ह्याच जागी उभी राहून जुगाऱ्यांना शिपायांच्या रांगेत बसवलं होतं. मंगळवारी मी त्यांच्या रांगेत उभी राहून आले. सगळे आपल्यासारखेच दिसतात. दोघं तर आपल्याच मंडळीतले होते. नावं सांगत नाही."

तिसऱ्या बाकावर दोन पुरुष एकदम बूट न्याहाळायला लागले.

"जुगार वाईटच. त्यात मी काही मागे घेत नाही. तो माणसाचं लक्ष खाली लावतो. ह्यांचं लागलं होतं. पण माझंही वर कुठे होतं? माझा माणूस मरत होता आणि मी सांगायला साक्ष मिळाली म्हणून मनात खूश होते." मग म्हणाल्या, "ह्यांच्यासाठी प्रार्थना करा असं म्हणत नाही. ती मी करायची होती, ती मी थांबवली. माझ्यासाठी करा."

दुपारी त्या दगडवाल्याकडे गेल्या. कब्रस्तानाच्या भिंतीला लागून त्याची पत्र्याची शेड होती. दगड उताणा ठेवला होता. छिन्नी लागायची होती, अक्षरं फक्त लाल रंगाने आखलेली. आज वचन कुठलं?

"ही ओळ नको," मावशी म्हणाल्या.

"का हो? झकास दिसतेय. पाळकसाहेब स्वतः येऊन बघून गेले." दगडवाल्याला आपल्या अक्षराचा अभिमान होता. "बरं, मग दुसरं काय घालू? 'प्रभूमध्ये विसावले' घालू? ते सगळ्यांना चालतं."

"ते कुठे विसावले मला माहीत नाही."

दगडवाल्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. धंद्यात त्याची तीस वर्षं गेली होती, पण असं कोणी म्हटलं नव्हतं. "मग 'प्रेमळ पती'?"

मावशी विचारात पडल्या. तो बुटाची नाडी बांधताना वाकायचा, तेव्हा मानेवरचे पांढरे केस दिसायचे. पाच आठवडे तो डब्याला शिवला नव्हता.

"नको," त्या म्हणाल्या. "ते माझ्यापाशी राहू दे."

दगडवाल्याने ओलं फडकं उचललं. मावशींनी ते त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः वाकून पुसायला लागल्या. रंग वाळला होता, सहज जाईना. त्यांनी थेंब थेंब पाणी टाकलं, अंगठ्याने घासलं. आधी "कुठलं" गेलं, मग "वचन", मग "आज". दगडावर फिकट गुलाबी ओल तेवढी राहिली.

"खाली एवढी जागा मोकळी दिसणार. लोक विचारतील."

"विचारू देत."

त्याने छिन्नी लावली. नावाची अक्षरं एकेक करून आत गेली, मग जन्मतारीख गेली. मावशी धुळीत उभ्याच होत्या. दुसऱ्या तारखेच्या पहिल्या आकड्यावर त्याने छिन्नी टेकवली आणि हातोडी उचलली.

"जरा थांबा," मावशी म्हणाल्या.

तो थांबला. शेडच्या पत्र्यावर ऊन तापून टकटक वाजत होतं. बऱ्याच वेळाने त्याने हातोडी खाली ठेवली, विडी पेटवली, ओढून संपवली. शेवटी मावशींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हं," त्या म्हणाल्या. "मारा आता."